दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात, मग खोटं कोण बोलतंय?

प्रश्न एका भावाने विचारला आहे. तो पाच वर्षांचा असताना रात्री घराला आग लागली. त्याला पक्कं आठवतं, की वडिलांनी त्याला कडेवर घेऊन जिन्यावरून खाली आणलं. 'मी त्यांच्या कडेवर बसलोय हे चित्र आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर येतं,' असं तो लिहितो. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण म्हणते, वडील त्या रात्री घरी नव्हतेच, शेजाऱ्यांनी खाली आणलं. आईला विचारलं तर ती म्हणते, तुम्ही दोघं आपापल्या पायांनी उतरलात. वडील आता नाहीत. यात खोटं कोण बोलतंय, आठवण मेंदूत साठते तरी कशी, इतकी लख्ख आठवण चुकीची असू शकते का, आणि आईचं हे तिसरंच सांगणं म्हणजे डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात तर नाही ना?

खोटं बहुतेक कोणीच बोलत नाही. खोटं बोलायचं तर खरं काय ते आधी ठाऊक असावं लागतं. इथे तिघांनाही आपापलं खरंच वाटतंय. स्मृतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे. आठवण जितकी लख्ख तितकी खरी, ही समजूत घेऊनच बहुतेक जण येतात, आणि घराघरातले निम्मे वाद तिच्यावरच उभे असतात.

तुमचंच वाक्य घ्या. 'मी कडेवर बसलोय हे चित्र दिसतं.' कुठून दिसतं? कडेवरच्या पोराला दिसणार वडिलांचा खांदा, कान, मागे पडत जाणाऱ्या पायऱ्या. स्वतःला कडेवर बसलेलं बघायचं तर डोळे जिन्याखाली उभे हवेत. म्हणजे हे चित्र त्या रात्री तुमच्या डोळ्यांनी टिपलेलं नाही, नंतर कधीतरी जुळवलं गेलेलं आहे. आता लगेच 'म्हणजे माझी आठवण खोटी' असं म्हणू नका. अशा बाहेरून दिसणाऱ्या आठवणी जवळजवळ सगळ्यांना असतात. जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नायसर यांनी १९८३ मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हा आठवण जितकी जुनी तितकी ती बाहेरून दिसण्याची शक्यता जास्त, असं आढळलं. मूळ प्रसंग खरा असू शकतो. 'जसंच्या तसं' हे मात्र खरं नाही.

आता साठवणीकडे येऊ. आठवण मेंदूत अमुक एका जागी ठेवलेली असते, असा शोध घेण्यात कार्ल लॅशली यांची उमेदीची वर्षं गेली. उंदरांना चक्रव्यूहातून वाट काढायला शिकवायचं, मग मेंदूच्या बाह्य थराचे वेगवेगळे तुकडे काढून कोणत्या तुकड्याबरोबर शिकलेलं जातं ते पाहायचं. तशी जागा सापडली नाही, हे त्यांनी १९५० मध्ये मांडलं. पुढे तीनच वर्षांनी एका शस्त्रक्रियेने या प्रश्नाची दिशाच बदलली.

हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे जबरदस्त झटके येत. १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे आतले भाग काढले. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या, मेंदूत खोलवर असलेल्या छोट्या भागाचा मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली, बोलणं-चालणं नीट. पण त्यानंतर घडलेलं काही टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि दर भेटीत त्याच्या लेखी त्या नव्याच बाई असत. मिलनरनी त्याला एक काम दिलं: कागदावर चांदणीच्या दोन रेघा, एकीच्या आत दुसरी, आणि त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. अडचण एवढीच, की हात आणि कागद सरळ दिसत नाहीत, फक्त आरशातून दिसतात. करून बघा, पहिल्यांदा पेन्सिल कोपऱ्यावर अडते आणि भलतीकडे जाते. मोलेसनचंही तेच झालं. पण तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, आणि तिसऱ्या दिवशीही आपण हे आधी कधी केलंय हे त्याला माहीत नव्हतं.

यातून दोन गोष्टी कळल्या. एक, 'स्मृती' हे एका गोष्टीचं नाव नाही. हाताला बसलेलं वळण, माहिती, आणि स्वतः अनुभवलेला प्रसंग यांच्या व्यवस्था वेगवेगळ्या आहेत. सायकल चालवता येणं, समुद्राचं पाणी खारट असतं हे माहीत असणं आणि सायकलवरून पहिल्यांदा पडल्याचं आठवणं यांतली एक जाऊन बाकीच्या राहू शकतात. दुसरी, हिप्पोकॅम्पस हे जुन्या आठवणींचं गोदाम नाही, कारण मोलेसनला बालपणातल्या कितीतरी गोष्टी माहीत होत्या. पण नवा प्रसंग बांधायचा तर तो लागतोच.

बांधायचा म्हणजे काय? त्या रात्रीचा धुराचा वास, आरडाओरडा, जिन्याचा अंधार, पोटात आलेला गोळा, हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत नोंदलं जातं. जे दिसतं ते एकीकडे, जे ऐकू येतं ते दुसरीकडे. एकाच वेळी चेतलेल्या पेशींमधले जोड पक्के होतात. ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली, आणि टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असा पक्का होणारा आणि तासन् तास टिकणारा जोड प्रत्यक्ष दाखवला. विखुरलेल्या या नोंदी एकाच प्रसंगाच्या आहेत, हा धागा हिप्पोकॅम्पस धरून ठेवतो. पुढे एखादं टोक हाती लागलं, समजा कुठेतरी तसाच धूर नाकात गेला, की त्या धाग्याने बाकीचं ओढलं जातं.

हे नुसतं अनुमान राहिलेलं नाही. सुसुमु टोनेगावा यांच्या, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या प्रयोगशाळेत २०१२ मध्ये, उंदीर घाबरला तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी चेतल्या होत्या नेमक्या त्याच प्रकाशाने पुन्हा चेतवल्या. उंदीर निवांत जागी होता, तरी जागच्या जागी गोठला. पुढच्याच वर्षी त्यांनी याहून विलक्षण गोष्ट केली. एका पेटीत चेतलेल्या पेशींवर खूण केली, मग उंदराला दुसऱ्या पेटीत ठेवून त्या पेशी चेतवल्या आणि त्याच वेळी पायांना विजेचा हलका झटका दिला. परत पहिल्या पेटीत सोडल्यावर तो तिथेच घाबरला. त्या पेटीत त्याला कधीही झटका बसला नव्हता. उंदराला चुकीची आठवण 'बसवता' आली, आणि ती वागण्यात हुबेहूब खऱ्यासारखी होती.

मुळात नोंदच अपुरी असते, हे मात्र लोकांना पटत नाही. 'माझ्या डोळ्यांसमोर घडलं' म्हणजे सगळं आत गेलं, असं वाटतं. लक्ष जिकडे नसतं तिकडचं फारसं आत जातच नाही. भीतीत तर ते अधिकच आवळतं. हातात शस्त्र असलेला माणूस पाहिलेल्या साक्षीदारांना शस्त्र आठवतं, चेहरा तितका आठवत नाही. भीतीचा मुख्य भाग ठसतो, कडेचा विरतो. पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्या रात्री मुख्य काय होतं? आग, आणि मला कोणीतरी घट्ट धरलंय. ते 'कोणीतरी' कोण हे तेव्हा तितकं महत्त्वाचं नसेलही. पुढे मोठं होताना, गोष्ट सांगताना, ती रिकामी जागा भरायला वडिलांइतकं साजेसं दुसरं कोण?

जागा भरण्याची ही खोड फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिली. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. कथा दर वेळी आखूड होत गेली, अनाकलनीय भाग गळले किंवा 'समजण्यासारखे' झाले, होडगी जाऊन साध्या बोटी आल्या. कोणीही मुद्दाम बदल करत नव्हतं. आठवताना माणूस जे उरलंय त्यावरून जे असायला हवं ते जुळवतो, आणि जुळवलेलं व उरलेलं यांतला सांधा त्याला स्वतःला दिसत नाही. मला विचाराल तर या विषयात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही.

आणि प्रत्येक उजळणीत बदलाला वाव असतो. २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर दाखवलं, की पक्की झालेली भीतीची आठवण जागवली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते. त्या वेळी मेंदूच्या ठरावीक भागातली प्रथिननिर्मिती औषधाने रोखली तर ती नंतर टिकत नाही. माणसांवरचे प्रयोग मात्र असे एकसारखे निकाल देत नाहीत, त्यामुळे 'वाईट आठवणी पुसून देतो' म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

माणसांची आठवण बदलायला औषध लागतही नाही, शब्द पुरतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धाडकन आदळल्या तेव्हा वेग किती होता; काहींना विचारताना 'आदळल्या'च्या जागी 'धडकल्या' असा सौम्य शब्द वापरला. पहिल्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, काच फुटलेली पाहिली का? जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य शब्दवाल्या ५० पैकी ७. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

घरात तर असे शब्द वर्षानुवर्षं कानावर पडतात. ज्याँ पियाजे यांनी स्वतःबद्दल सांगितलेली हकिकत या बाबतीत नमुनेदार आहे. ते अगदी लहान असताना बाबागाडीतून त्यांना पळवायचा प्रयत्न झाला, दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे आले, हे सगळं त्यांना 'दिसत' असे. ते साधारण १५ वर्षांचे झाल्यावर त्या दाईने पत्र लिहून कबूल केलं, की तो सगळा बनाव होता, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. बालमनाचा पुढे आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या माणसाच्या मनात, न घडलेला प्रसंग ओरखड्यांसकट वसलेला होता.

फोटो तर त्याहून धोकादायक. किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० जणांना त्यांच्या बालपणीचे फोटो दाखवले. त्यांत एक बनावट होता: हवेत उडणाऱ्या फुग्यातून केलेली सफर, जी झालीच नव्हती. दोन आठवड्यांत तीनदा त्याबद्दल बोलणं झाल्यावर निम्म्या लोकांना ती सफर कमी-अधिक 'आठवू' लागली. भावंडांबद्दल आणखी एक गंमत सांगते. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांना एकेकटं बसवून बालपण विचारलं, तेव्हा अनेक जोड्यांत असे प्रसंग निघाले जे दोघंही 'हे माझ्यासोबत घडलं' म्हणून सांगत होते. एकालाच लागलेलं असतं, दुखणं दोघांना आठवतं. त्यामुळे तुमच्या घरात तिघांच्या तीन कथा आहेत यात मला काही नवल वाटत नाही. तिघांचीही कथा एकसारखी असती, तर वर्षानुवर्षं एकत्र बसून सांगता सांगता ती तशी झाली असण्याची शंकाच मी आधी घेतली असती.

'पण इतकी मोठी घटना कोण विसरेल?' हे उत्तर मला ठरलेलं ऐकू येतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. एका विद्यार्थिनीने आधी लिहिलं होतं, की वर्गात कोणीतरी त्याबद्दल बोलत आलं आणि तास संपल्यावर खोलीवर जाऊन टीव्ही पाहिला. अडीच वर्षांनी तिला आठवत होतं, की मैत्रिणीसोबत खोलीत टीव्ही बघत असतानाच बातमी झळकली. ४४ पैकी ११ जणांचं मुख्य सगळंच चुकलं होतं. खात्री मात्र भरपूर. आपल्याच हातचा कागद समोर ठेवल्यावरही जुनी आठवण कोणाला परत आली नाही.

जेनिफर तलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हेच अधिक नेटकेपणाने तपासलं. हल्ल्याच्या आठवणीसोबत त्याच दिवसांतल्या एका साध्या प्रसंगाचीही आठवण नोंदवून घेतली. काही महिन्यांत दोन्ही सारख्याच घसरल्या. साध्या प्रसंगाबद्दल 'नक्की आठवत नाही बुवा' अशी कबुली आली, हल्ल्याबद्दल मात्र खात्री तशीच राहिली. भावना आठवणीचा रंग गडद ठेवते. तपशील बरोबर ठेवण्याची हमी देत नाही.

मग खात्री कधीच कामाची नसते का? असंही नाही, आणि हा बारकावा बहुतेक लेखांत सुटतो. प्रसंगानंतर लवकर, पहिल्यांदाच, कोणाशी चर्चा व्हायच्या आधी, कोणी काही सुचवलेलं नसताना सांगितलेल्या गोष्टीत खात्रीला वजन असतं. साक्षीदाराने ओळखपरेडमध्ये पहिल्या फटक्यात, ठामपणे ओळखलं, तर ते बऱ्यापैकी विश्वासार्ह असतं. नंतर कोणी 'शाब्बास, बरोबर माणूस ओळखलात' म्हटलं, की तोच साक्षीदार आपण सुरुवातीपासून खात्रीत होतो असं सांगू लागतो. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी हे १९९८ मध्ये प्रयोगाने दाखवलं. तुमच्या घरातली खात्री या दुसऱ्या जातीची आहे, कैक वेळा सांगून, मान डोलावून घेऊन पिकलेली.

आता तुमच्यापुरतं. पाच वर्षांच्या मुलाला प्रसंग आठवूच शकत नाही असं कोणी म्हणालं तर मानू नका. बहुतेकांची पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. आठ वर्षांच्या मुलीची नोंद साधारणपणे जास्त भरलेली असते, वेळेचं आणि कोण कुठे होतं याचं भान अधिक असतं. म्हणून निवड करायचीच झाली तर वडील घरी होते की नाही यावर मी बहिणीच्या बाजूने थोडं झुकेन. पण थोडंच. खरा निकाल कागद देईल: वडिलांच्या कामावरची हजेरी, त्या दिवसांतलं एखादं पत्र, तेव्हा लगेच कोणी लिहून ठेवलेलं काही. तेही शोधायला बसण्याआधी दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न दाखवता, स्वतःला काय आठवतं ते लिहा. आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मी पाहिलं, ऐकलं, की कोणीतरी सांगितल्याचं आठवतं? शेवटच्या रकान्यात किती ओळी जातात ते पाहून माणसं दचकतात. दोघांच्या कागदावर आलेली पण घरात कधी बोलली न गेलेली एखादी फालतू बाब, मांजर, चप्पल, काहीही, अशी बाब मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती गप्पांतून शिरण्याचा संभव कमी.

आईबद्दल. चाळीसेक वर्षांपूर्वीचा प्रसंग वेगळा सांगणं हे डिमेन्शियाचं लक्षण नाही. वरचं सगळं वाचल्यावर हे उघड आहे. अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात सुरुवातीला जुनं बरंचसं शाबूत राहून नवं टिकेनासं होतं. हा क्रम तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच मांडला होता. त्यामुळे 'लहानपणीचं तर सगळं आठवतं, मग कसला आजार?' हा दिलासाही खोटा आणि 'जुनं विसरली' ही भीतीही. बघायचं ते ताजं. सकाळी झालेलं बोलणं दुपारी झालंच नाही म्हणते का? तोच प्रश्न अर्ध्या तासात त्याच शब्दांत पुन्हा विचारते का? पैशांचे, औषधांचे नेहमीचे हिशेब चुकू लागलेत का? ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते का? नाव जिभेवर येऊन अडलं आणि तासाभराने आपसूक आठवलं, तर ते वयाचं आहे.

तपासणीत आम्ही नेमकं काय बघतो तेही सांगते, म्हणजे दडपण येणार नाही. काही शब्द दिले जातात, ते किती पक्के होतात ते पाहिलं जातं, मग वीस-तीस मिनिटं दुसरंच काम. नंतर शब्द विचारायचे. न आठवलेल्यांसाठी खूण द्यायची: 'त्यात एक फळ होतं.' खुणेने चटकन आठवलं, तर शब्द आत आहे, बाहेर काढायला अडचण आहे. नैराश्यात, झोप बिघडलेली असताना असं बरेचदा दिसतं. खूण देऊनही काही येत नसेल, किंवा यादीत नसलेलं भलतंच फळ ठामपणे सांगितलं जात असेल, तर शब्द नीट आत रुजलाच नसावा अशी शंका येते आणि पुढच्या तपासण्या होतात. आणि हे लक्षात घ्या, की बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची गडबड, कमी ऐकू येणं, झोपेची किंवा ॲलर्जीची काही औषधं यांनीही विसरभोळेपणा वाढतो, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे.

शंका वाटलीच तर जाताना आईसोबत रोज राहणारं कोणीतरी असू द्या, चालू औषधांची यादी न्या, आणि गेल्या सहा महिन्यांतल्या तीन-चार घटना तारखेसह लिहून न्या. आगीची गोष्ट त्यात घालू नका, तिचा तिथे काही उपयोग नाही.